टाकीवरचा लखलखाट

चल, आज दिल्लीला जाऊ! मेट्रोच्या निळ्या मार्गावर 'करोल बाग' स्टेशन आलं, की पटकन उतरायचं.

बाग दिसतेय का? नाही ना! इथे झाडांपेक्षा दुकानंच जास्त. एका गल्लीत तर नुसत्या मोटारसायकली! आरसे, सीट कव्हरं, हेल्मेटं, आणि जुन्या गाड्यांच्या रांगाच रांगा.

त्यातल्या एका गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचं नाव वाच बरं. 'स्प्लेंडर'! १९९४ साली आलेली ही गाडी तुझ्या काकांकडेही असेल.

पण स्प्लेंडर म्हणजे काय? ओळख! वेगवान? दणकट? दोन्ही चूक!

हा इंग्रजी शब्द आला लॅटिन भाषेतून. तिथे 'स्प्लेंडेरे' म्हणजे चमकणं! चिंचेनं घासलेली पितळी समई कशी लखलखते? अगदी तस्संच! मग अर्थ पसरत गेला, आणि डोळे दिपवणारा थाट, वैभव, भव्यता म्हणजेही स्प्लेंडर झालं.

हा शब्द वापरायचा कुठे? वेरूळचं कैलास लेणं? स्प्लेंडर! रायगडावरचा सूर्योदय? स्प्लेंडर! डब्यातली पोळी-भाजी? अंहं! कितीही चविष्ट असली, तरी हा शब्द तिला ढगळ होईल. तू बाबांचा शर्ट घातल्यासारखा!

आपल्या मराठीतही थाटासाठी असाच एक गमतीदार शब्द आहे, 'दिमाख'. तो अरबी-फारसीतल्या 'दिमाग'वरून आला. म्हणजे चक्क मेंदू! इंग्रजीतला थाट चमकण्यातून आला, आपला डोक्यातून!

आता शेजारच्या गल्लीत डोकाव. सोन्याची दुकानं! सोनं पिवळं का दिसतं, ठाऊक आहे? भिंतीवर मारलेला चेंडू जसा परत येतो, तसा सोन्यावर पडलेला प्रकाश परत येतो. पण सोनं आहे लबाड! प्रकाशातला बराचसा निळा रंग ते गिळून टाकतं आणि पिवळा-तांबडा तेवढा परत फेकतं. शिवाय ते गंजत नाही. म्हणून आजीच्या बांगड्या अजून चमकतात!

सोनं वितळवून शुद्ध करतात, त्याला म्हणतात गलाई. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले कितीतरी गलाईवाले देशभर हे काम करतात. पाणी उकळतं १०० अंशांवर. सोनं वितळतं तब्बल १०६४ अंशांवर! बाप रे!

आता तुझ्या गल्लीतून चिखलानं माखलेली स्प्लेंडर गेली, तर हसू येईल ना? नाव लखलखाट, आणि अंगभर चिखल!

काकांना गाडी पुसायला सांग. नाहीतर तूच घे एक फडकं!