हिरड्यांचा रोग आणि नाकातून द्यावयाची लस

दात पडले म्हणजे वय झाले, अशी समजूत आमच्या पेडणे-डिचोलीकडील घरांतून चालत आली आहे. वस्तुतः किडीने गेलेले दात सोडले, तर उतारवयात पुष्कळसे दात हिरड्यांच्या रोगाने जातात. यालाच लोक पायोरिया म्हणतात. हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. चूळ भरताना रक्त दिसते, पुढे दात हलू लागतो आणि एके दिवशी हाती येतो. यावर नाकात टाकावयाची लस निघाली म्हणतात, ते खरे काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर येथे देत आहोत.

या रोगात अनेक जंतूंचा हात असतो. त्यांतला म्होरक्या म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. दात व हिरडी यांमधील, हवा न पोचणाऱ्या फटीत तो आपल्या केसासारख्या तंतूंनी चिकटून राहतो. त्याला हुसकावण्यासाठी शरीर जी झुंज देते, तिच्यातच दाताभोवतालचे हाड झिजते.

मग लस नाकात कशाला? दंडात टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी द्रव्ये, तयार होतात. लाळेत ती फारशी उतरत नाहीत. नाकाच्या आतील ओल्या त्वचेला लस लागली, की तेथे तयार झालेल्या पेशी लाळेच्या ग्रंथींपर्यंत जातात आणि लाळेत निराळ्या जातीची प्रतिपिंडे उतरतात. ती जंतूला वेढतात, म्हणजे त्याला चिकटताच येत नाही. चोराला उंबऱ्यावरच अडवावे, तसे हे आहे. नाकातील लस ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली स्वाइन फ्लूची अशी लस काढली. हैदराबादच्या भारत बायोटेकची कोविडवरील लस २०२३ च्या जानेवारीत आली.

हिरड्यांच्या जंतूवरील काम मुख्यतः जपानात झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या जंतूच्या बाहेरील आवरणातले एक प्रथिन उंदरांच्या नाकात दिले, तेव्हा त्यांच्या जबड्याचे हाड कमी झिजले. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय नुसते प्रथिन पुरत नाही, त्याला जोर आणणारे द्रव्य लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये फ्लूच्या नाकातील लशीत यासाठी एका जंतूचे विष घातले होते. घेणाऱ्यांपैकी काहींचा अर्धा चेहरा लुळा पडला आणि लस मागे घ्यावी लागली. दात राखण्यासाठी तोंड वाकडे करून घेणे कोणास परवडेल? म्हणूनच जपानी संशोधकांनी विषारीपणा काढलेले द्रव्य वापरले. सारांश, माणसांसाठी अशी लस आज बाजारात नाही.

तोपर्यंत मशेरी सोडावी, असे आम्ही घरातील वडीलधाऱ्या बायकांस आग्रहाने सांगू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. मधुमेह असणाऱ्यांनी अधिक जपावे. दोन्ही रोग एकमेकांस वाढवितात. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दातांवरील कीटण काढून घेता येते. त्याने दात ढिले होतात, ही भीती मात्र व्यर्थ आहे. कीटण निघाले की त्याखाली लपलेली फट उघडी पडते, इतकेच.