बंदूक, घर आणि कॅमेरा

बंदूक म्हटली की सिनेमातला गुंड आठवतो, नाहीतर पोलीस. पण बंदूक साध्या घरातही असते. त्या घराचा फोटो काढायचा तर काय बघायचं, ते आज आपण समजून घेऊ.

अमेरिकेत काइल कॅसिडी या छायाचित्रकाराने देशभर फिरून लोकांचे बंदुकीसह त्यांच्याच घरात फोटो काढले. प्रत्येकाला प्रश्न एकच: बंदूक का ठेवता? त्याचं पुस्तक २००७ साली आलं. पुढे गॅब्रिएले गॅलिम्बेर्ती या इटालियन छायाचित्रकाराने अमेरिकन मालकांभोवती त्यांची सगळी शस्त्रं मांडून फोटो काढले. त्याला २०२१ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. पहिल्यात 'का' दिसतं, दुसऱ्यात 'किती'.

आता आपल्या बुलढाण्याकडे या. इथे 'किती' फारसं उरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. उरतो तो 'का'. सोयाबीन, मका, हरभऱ्यात रानडुकरं नि रोही शिरतात, म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे. पण म्हणून जनावर मारायची मोकळीक मिळत नाही. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो.

म्हणजे नुसत्या बंदुकीचा फोटो काढून भागत नाही. शेजारची बॅटरी, घोंगडी, जपून ठेवलेला परवाना, हे सगळं चौकटीत यायला हवं. निवडणुकीत बऱ्याच जणांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हाची रिकामी खुंटीसुद्धा फोटोच आहे.

आता जबाबदारीचं. बंदूक भरलेली नाही याची खात्री मालकाने आधी करून द्यावी. आपण तिला हात लावू नये. दारावरची पाटी, परवान्याचा नंबर, बंदूक ठेवायची जागा फोटोत नको. फोटो मोबाइलवरून फिरला की चोराला पत्ताच मिळतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. परवाना एकाच्या नावावर असतो, घर मात्र सगळ्यांचं. बंदुकीने त्याला धीर येतो, पण त्याच छताखाली राहणाऱ्या बायकोला, म्हाताऱ्या आईला काय वाटतं? 'का' हा प्रश्न त्यांनाही विचारा, आणि फोटोची परवानगीही त्यांच्याकडून घ्या. त्या नको म्हणाल्या, तर कॅमेरा पिशवीत ठेवायचा.