रिटर्न सीएने भरलं, तरी ते तुमचंच

माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. वर्षाचे कागद ते पिशवीत घालून एका माणसाकडे नेऊन देत. बाजारपेठेत सगळेच त्याला 'सीएसाहेब' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी आम्ही प्राप्तिकराच्या पोर्टलवर मामांचं प्रोफाइल उघडलं, तर मोबाइल नंबर त्या माणसाचा, ईमेलही त्याचाच. मामांच्या नावाची एक नोटीस तिथे पडून होती आणि उत्तराची मुदत उलटून गेली होती. तो माणूस सीए नव्हताच, हे आम्हाला नंतर कळलं.

रिटर्न भरून देतो तो सीए, असं आपण धरून चालतो. रिटर्न आपलं आपल्यालाही भरता येतं. कर सल्लागार किंवा वकीलही मदत करतात आणि त्यांच्यात उत्तम जाणकार आहेत. पण टॅक्स ऑडिटवर सही चालते ती फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटींच्या वर), की साधारणपणे हे ऑडिट लागतं. म्हणून सभासद क्रमांक आणि प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र विचारायला संकोचू नका. सीएने दिलेल्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे अंक-अक्षरं मिळून १८ खुणांचा ओळख क्रमांक, असतो; तो ऑनलाइन पडताळता येतो.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे 'चांगला सीए जास्त रिफंड काढून देतो'. तुमचा जादा कापला गेलेला टीडीएस किंवा जादा भरलेला कर, तेवढाच रिफंड. त्यात कौशल्य दाखवायला जागा फार थोडी. न दिलेलं घरभाडं, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवून रिफंड वाढवणाऱ्या मध्यस्थांवर प्राप्तिकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभरात सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. यातल्या कित्येकांना आपल्या नावावर काय लिहिलंय याचा पत्ताही नसावा, असं मला वाटतं. पण खोटी माहिती देऊन कर चुकवल्याचं ठरलं, तर त्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो करदात्याला होतो. 'रिफंडमधले इतके टक्के मला' असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. अशी टक्केवारीची फी सीएंच्या संस्थेच्या नियमांतही बसत नाही.

'सीएकडे दिलंय' म्हणून निर्धास्त होणंही तसंच. तुमच्या एफडीचं व्याज, लाभांश, शेअरविक्री हे सगळं वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, विभागाला दिसत असतं. ते एकदा स्वतः उघडून पाहा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं. त्याचा ओटीपी सांगण्याआधी आकडे वाचा. आणि प्रोफाइलमध्ये नंबर स्वतःचाच ठेवा.

पगारदाराला दरवेळी सीए लागतोच असंही नाही. एकच नोकरी, थोडं व्याज आणि ५० लाखांच्या आत उत्पन्न असेल, तर बहुतेकांचं 'सहज' फॉर्मवर भागतं आणि पोर्टलवर तो फुकट भरता येतो. फ्लॅट विकायचा असेल, तर मात्र सीएकडे जरूर जा; तेही व्यवहाराच्या आधी. विकून झाल्यावर कर वाचवायच्या वाटा कमी उरतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही सीएला तुमच्यासाठी निवांत वेळ नसतो. एप्रिल-मेमध्ये भेटा. काम प्रत्यक्ष कोण करणार आणि नोटीस आली तर उत्तराची फी वेगळी का, हे विचारून लेखी घ्या.

मामांनी आता नवा सीए धरलाय. फी थोडी जास्त आहे. गेल्या वर्षी ओटीपी मामांच्याच फोनवर आला. गल्ल्यावर बसल्या-बसल्या त्यांनी सीएंना फोन लावला आणि विचारलं, "साहेब, यात पतसंस्थेचं व्याज धरलंय का?" धरलेलं नव्हतं.