रतनगडावरचा भादवा

यंदा भादव्यात रतनगड उतरताना मनाशी ठरवलं, फुलांच्या दिवसांत आता इथं यायचं नाही. नेढ्याखालच्या उतारावर पिवळी सोनकी आडवी झाली होती. फोटोसाठी माणसं तिच्यात लोळून गेली होती आणि त्याच दबलेल्या जागेवर बसायला पुढची माणसं रांगेत उभी होती. जवळपास तीस वर्षांचं नातं असं तोडताना घसा दाटून आला.

जामखेडच्या माणसाला हे फुलांचं वेड लागलं कसं, असं मला नेहमी विचारतात. आमचा तालुका बालाघाटाच्या अंगाचा, सदा पावसाकडे डोळे लावून बसलेला. आमच्या ओळखीचा पिवळा रंग तुरीच्या फुलोऱ्याचा. विंचरणा नदीला पाणी आलं की सौताड्याच्या धबधब्याकडे गाव लोटतं, एवढंच काय ते आमचं पावसाळी कौतुक. आणि आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, लोक नगरची चेरापुंजी म्हणतात; रतनगड त्याच बाजूचा. जिल्हा एक, आभाळं दोन.

शिक्षकाच्या नोकरीची आधीची वर्षं आणि नंतरच्या बदल्या यांत सांगण्यासारखं काही नाही. सांगावीत ती 1996 ते 2005 ही दहा वर्षं. गौरी-गणपती उरकले की आम्ही पाच-सहा जण एसटीनं निघायचो. नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी गाठायची, तिथून लाँचनं भंडारदऱ्याचं पाणी ओलांडून रतनवाडीला मुक्काम. पहाटे अमृतेश्वराला हात जोडून चढायला लागायचं. आधी किर्र झाडी, मग लोखंडी शिड्या, मग दरवाजे. त्यापुढं झाडी मागं राहायची आणि उघड्या माथ्यावर वारा, धुकं आणि सोनकी. धुकं फाटलं की अलंग, मदन, कुलंग आणि मागं कळसूबाई दिसायची.

हिमालयात थंडीमुळे एका उंचीनंतर झाड वाढत नाही आणि तिथून फुलांची कुरणं सुरू होतात. सह्याद्रीत तेवढी उंची नाही. 1646 मीटरची कळसूबाई हे राज्यातलं सर्वात उंच शिखर. इथं झाडाला अडवतो तो कातळ. सड्यावर माती बोटभर, पावसाळ्यात पाण्यानं तुंबलेली आणि उन्हाळ्यात भाजून निघालेली. तीतही कस इतका कमी की दवबिंदूसारखी वनस्पती किडे पकडून पोट भरते. सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांना जगायला मिळतो तो एक पावसाळा. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं आणि बी टाकून मोकळं व्हायचं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत मला सुनावलं होतं, "गावात टँकर येतो आणि मास्तर फुलं बघत हिंडतो!" तेव्हा मी गप्प बसलो. उत्तर आज देतो. टँकरच्या गावच्या माणसानंच ही फुलं बघावीत. चार महिन्यांच्या ओलीवर वर्ष काढणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला कळणार?

रतनवाडीतले आमचे यजमान आजोबा दर वर्षी निघताना एकच बजावायचे, "मास्तर, कातळावरून चाला. फुलात पाय घालू नका." एका वर्षी कारवी फुलली होती. सात-आठ वर्षांनी एकदाच ती फुलते आणि बी धरून मरते. तिच्याच काठ्यांच्या, शेणामातीनं लिंपलेल्या कुडाच्या घरात आजोबांचा जन्म गेला. बी पडेपर्यंत त्यांनी त्या वर्षी त्या बाजूला गुरं फिरकू दिली नाहीत.

2012 साली कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. अभिमान वाटला. पण त्यानंतर फुलं बघण्याची फॅशन आली आणि आमच्यातल्याच काहींनी भराभर बस भरून माणसं आणायला सुरुवात केली. मी विरोध केला, तर मला माणूसघाणा ठरवलं. त्यांना माझं आजही तेच सांगणं आहे: माणसं आणा, पण माथ्यावर एका वेळी किती, हे आधी ठरवा. उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत मुक्काम करू देत नाहीत. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. आपल्या गडांना एवढा साधा नियम का नसावा?

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणून आपण त्या फुलाला हिणवतो. उतरताना वाटेवर चिरडलेला तेरडा दिसला. एक फुगीर बोंड तेवढं शाबूत होतं. चिमटीत धरताच ते तडकलं आणि बारीक दाणे तळहातावर उडाले. आसपासची बाकी सगळी झाडं बी धरायच्या आतच मेली होती. आमच्याकडे दुष्काळात माणसं अर्धपोटी राहिली, गुरं विकली, पण पेरणीच्या बियाण्याला कुणी हात लावला नाही. इथं पोटभर जेवून आलेली माणसं बियाणंच तुडवून गेली.

ते दाणे मी तिथंच कातळाच्या फटीतल्या मातीवर ठेवले आणि कातळावरूनच खाली उतरलो.