नांव तपासणीचें, काम शस्त्रक्रियेचें : पित्तमार्गाच्या दुर्बिणीविषयीं थोडें

‘उद्यां दुर्बीण घालून पाहणार आहेत’ हें वाक्य हल्लीं बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत केव्हांना केव्हां कानीं पडतें. घशांतून दुर्बीण घालून जठर पाहणें ही गोष्ट आतां इतकी परिचयाची झाली आहे कीं, ती ऐकून कोणी फारसें दचकत नाहीं. आणि दचकूं नये हेंहि योग्यच. परंतु ‘दुर्बीण’ या एकाच शब्दाखालीं एक अगदीं निराळी क्रियाहि वावरत असते. पित्तनलिका व स्वादुपिंड यांच्या विकारांत करण्यांत येणारी ही क्रिया ई.आर.सी.पी. या चार अक्षरांनीं ओळखली जाते. घरच्या मंडळींस ती जठराच्या तपासणीची सख्खी बहीण वाटते; वस्तुतः ती तोंडावाटें केलेली शस्त्रक्रियाच होय. हा भेद ध्यानीं न घेतां संमतिपत्रावर सही करणारे पुष्कळ आढळतात, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें. आम्ही वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. शाळेंत मुलांस शब्दांचे अर्थ समजावून देणें हाच आमचा जन्माचा व्यवसाय. येथेंहि आम्ही तेंच करणार आहों.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. यकृतांत प्रतिदिनीं सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतें. त्यांतील कांहीं पित्त पित्ताशय नांवाच्या लहानशा पिशवींत सांठून दाट होतें, व जेवणानंतर पित्तनलिकेंतून लहान आंतड्यांत उतरतें. आंतड्याचा हा आरंभींचा भाग म्हणजे आद्यांत्र. तो सुमारें बारा बोटें लांब असल्यामुळें त्याच्या लॅटिन नांवांतहि बारा हाच आंकडा आहे. जठराच्या मागें आडवें पसरलेलें स्वादुपिंड आपला पाचकरस याच ठिकाणीं पोंचवितें. बहुतेक मनुष्यांत पित्ताची व स्वादुपिंडाची अशा दोन्ही नलिका आद्यांत्राच्या भिंतींतील एका लहानशा उंचवट्यावर एकत्र उघडतात. या उंचवट्यास फाटर या जर्मन शारीरशास्त्रज्ञाचें नांव असून त्यानें त्याचें वर्णन १७२० सालीं केलें. त्याच्या तोंडाशीं स्नायूचें एक वळें असतें. त्याचा अभ्यास ओडी नामक इटालियन विद्यार्थ्यानें १८८७ सालीं प्रसिद्ध केला. दोन नद्यांच्या संगमावर एकच अरुंद दरवाजा असावा, तशी ही रचना आहे. त्या दारांत हरभऱ्याएवढा खडा अडकला तरी दोन्ही नद्या तुंबूं शकतात.

पित्त तुंबलें कीं तें रक्तांत उतरतें. डोळे व त्वचा पिवळीं होतात, लघवी गडद होते, अंगास कंड सुटते, आणि मल मात्र पांढुरका होतो. ही शेवटली खूण आपल्या पूर्वजांसहि ठाऊक होती. कफानें पित्ताचा मार्ग रोधला गेला असतां रोग्याचा मल वाटलेल्या तिळासारखा होतो, असें वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत आहे. मार्ग कशानें अडतो याविषयींची कल्पना आज बदलली आहे. परंतु पांढरा मल म्हणजे पित्ताची वाट अडलेली, हें निरीक्षण आजहि खरेंच आहे.

आतां क्रियेच्या नांवाकडे वळूं. एंडोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओ-पँक्रिॲटोग्राफी असें तें लांबलचक नांव आहे. त्याचा सरळ अर्थ असा : शरीराच्या आंत पाहणाऱ्या दुर्बिणीच्या साह्यानें, प्रतिलोम म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेनें रंगद्रव्य सोडून, पित्तनलिकेचें व स्वादुपिंडनलिकेचें घेतलेलें चित्र. सबंध नांवांत ‘चित्र’ आहे. कापण्याचा, काढण्याचा वा बसविण्याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. असें कां झालें, याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

कांचेच्या केंसासारख्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वांकवून नेतां येतें, हें लंडन येथें हॉपकिन्स व त्यांचे पंजाबी सहकारी नरिंदर सिंग कपानी यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९५७ मध्यें हर्शोविट्झ यांनीं अमेरिकेंत या तंतूंची लवचिक जठरदर्शक नळी तयार करून दाखविली. १९६८ सालीं वॉशिंग्टनमधील मॅकक्यून या शस्त्रवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशा दुर्बिणीच्या मदतीनें फाटरच्या उंचवट्यांत बारीक नळी सरकवून क्ष-किरणचित्र काढलें. लौकरच जपानांत ओई आदि वैद्यांनीं बाजूस पाहणारी विशेष दुर्बीण वापरून ही विद्या पुष्कळ पुढें नेली. तोंवर उद्देश केवळ चित्राचा होता. कारण पोट न चिरतां या नलिका स्पष्ट दिसण्यास दुसरा सोपा उपाय फारसा नव्हता. १९७४ सालीं मेक्सिको येथील जागतिक परिषदेंत वरील नांव सर्वांनीं मान्य केलें. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जपानांत कावाई यांनीं व जर्मनींत क्लासेन आणि डेम्लिंग यांनीं त्या स्नायूच्या वळ्यास विजेच्या तारेनें छेद देऊन वाट मोकळी करण्याची कृति प्रसिद्ध केली. म्हणजे बारशाच्या वर्षींच मुलानें आपला धंदा बदलला! १९८० च्या सुमारास हँबुर्गच्या सोहेंद्रा यांनीं अडलेल्या नलिकेंत लहानशी नळी, जिला स्टेंट म्हणतात, बसवून ठेवण्याची रीति रूढ केली. पुढें १९९१ पासून चुंबकीय यंत्रानें, दुर्बीण न घालतांच, त्याच नलिकांचें चित्र मिळूं लागलें, त्यास एम.आर.सी.पी. म्हणतात. दुर्बिणीच्या टोंकास ध्वनिलहरींचें यंत्र बसवूनहि हे भाग पाहतां येतात. यामुळें चित्राचें काम इतरांकडे गेलें, व ई.आर.सी.पी.कडे मुख्यत्वें उपचाराचें काम राहिलें. नांव मात्र जुनेंच राहिलें, आणि तेंच घरच्यांस चकविते.

प्रत्यक्ष क्रिया अशी होते. रोग्यास कांहीं तास उपाशी ठेवून गुंगीचें औषध अथवा भूल देतात. दुर्बीण तोंडावाटें, अन्ननलिका व जठर ओलांडून, आद्यांत्रांत नेतात. उंचवटा समोर आला कीं बारीक तार व नळी पित्तनलिकेंत घालून रंगद्रव्य सोडतात व क्ष-किरणांच्या पडद्यावर खडा कोठें आहे तें पाहतात. मग दाराशीं छेद देऊन, तारेच्या लहानशा टोपलींत पकडून किंवा फुग्यानें ओढून, खडा आंतड्यांत सोडतात. खडा मोठा असेल तर तो आंतच फोडतात. अर्बुदामुळें किंवा व्रणामुळें नलिका आवळली असेल तर तेथें स्टेंट बसवितात. स्वादुपिंडाच्या जुनाट विकारांत त्याच्या नलिकेंतील खडे व अडथळे यांवरहि ही क्रिया उपयोगी पडते. काश्मिरांत तर आंतड्यांतील जंत पित्तनलिकेंत शिरल्याचे रोगी पुष्कळ, डॉ. खुरू व त्यांचे सहकारी यांनीं अशा ५०० रोग्यांचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध केला. असे जंतहि या वाटेनें काढतां येतात. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवावी : पित्ताशयाच्या पिशवींतील खडे या क्रियेनें सामान्यतः निघत नाहींत, निघतात ते नलिकेंत उतरलेले.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडील भगिनींस (घरांत त्यांस सर्व अक्का म्हणतात) हा प्रसंग आला. वय ७४, डोळे पिवळे, पोटांत कळ. भाचा आम्हांस म्हणाला, “मामा, नुसती दुर्बीण आहे, आईला उगाच घाबरवूं नका.” पण अक्का घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. संमतिपत्र पुढें येतांच त्यांनीं चष्मा लावला, कागद सावकाश वाचला आणि डॉक्टरांस विचारलें, “तुम्ही नुसतें पाहणार, कीं कांहीं कापणारहि?” डॉक्टर तरुण असले तरी सरळ मनाचे होते. ते म्हणाले, “आजी, पाहणें काल चुंबकीय चित्रांत झालें. आज खडा काढावयाचा आहे, आणि त्यासाठीं दारास थोडा छेद द्यावा लागेल.” त्यांनीं संभाव्य अपायहि एक एक करून सांगितले. सर्व ऐकून घेऊन अक्कांनीं स्वतःच्या हातानें सही केली. खडा निघाला, परंतु त्याच रात्रीं पोटांत दुखूं लागलें आणि स्वादुपिंडास सूज आल्याचें ठरलें. चार दिवस अधिक राहावें लागलें. त्या चार दिवसांत भाचा फार धास्तावला होता; अक्का मात्र म्हणाल्या, “अरे, हें त्यांनीं आधींच सांगितलें नव्हतें का?” सूज उतरली व त्या घरीं आल्या. आधीं मिळालेल्या ज्ञानानें दुखणें टळलें नाहीं, पण भीति व संशय मात्र टळले.

तो अपाय अपवादात्मक नव्हे. या क्रियेनंतर स्वादुपिंडास सूज येण्याचें प्रमाण सामान्यतः शंभरांत ३ ते १० असें धरतात. बहुतेकांची सूज थोड्या दिवसांत उतरते. परंतु कांहींची उग्र रूप धारण करते व क्वचित् प्राणावरहि बेतते. याखेरीज छेदाच्या जागीं रक्तस्राव, पित्तमार्गांत जंतुदोष, आणि क्वचित् आंतड्यास छिद्र, हेहि संभवतात. विशेष धोका असलेल्या रोग्यांस इंडोमेथॅसिन हें साधें औषध गुदद्वारावाटें दिल्यास सुजेचें प्रमाण शंभरांत सुमारें १७ वरून ९ वर येतें, असें १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असल्यास, गर्भ असल्यास अथवा पूर्वीं रंगद्रव्य सोसलें नसल्यास तें आधींच सांगणें अत्यवश्य आहे.

मग ही क्रिया टाळावी काय? मुळींच नाहीं. जेथें ती हवी, तेथें तिला पर्याय क्वचितच असतो. आणि कांहीं प्रसंगीं विलंब हाच मोठा अपाय ठरतो. थंडी वाजून ताप, कावीळ, आणि पोटांत उजवीकडे वरच्या बाजूस दुखणें, हीं तीन लक्षणें एकत्र आलीं कीं तुंबलेल्या पित्तांत जंतुदोष झाल्याचा संशय घ्यावा. पॅरिसच्या शार्को यांनीं १८७७ सालीं हें त्रिक सांगितलें. अशा वेळीं तुंबलेलें पित्त मोकळें करण्यास दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. आणि याच वेळीं आपल्याकडे कोणी गळ्यांत काविळीची माळ घालतो, कोणी नाकांत औषध पिळतो, कोणी हातास चुना लावून पिवळें पाणी ‘उतरवून’ दाखवितो. विषाणूंची कावीळ पुष्कळदां आपोआप बरी होते व तिचें श्रेय माळेस मिळतें. परंतु दारांत अडकलेल्या खड्यास माळ ठाऊक नसते. अशा रोग्याचा गेलेला आठवडा परत आणतां येत नाहीं.

उलट पक्षीं, प्रत्येक पोटदुखीवर ही दुर्बीण हा उपाय नव्हे. पित्ताशय काढल्यानंतरहि ज्यांचें पोट दुखत राहतें, पण ज्यांच्या नलिकेंत खडा वा अडथळा दिसत नाहीं, अशा २१४ रोग्यांवर अमेरिकेंत प्रयोग झाला. कांहींना खरा छेद दिला, कांहींना नुसती दुर्बीण घालून छेद दिल्याचा केवळ बहाणा केला. २०१४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा कीं, छेदापासून अधिक लाभ कांहींच झाला नाहीं. तेव्हां ‘एकदां पाहून तर घेऊं’ एवढ्याच कारणास्तव ही क्रिया करूं नये. पाहण्याची साधनें आतां निराळीं व निर्धोक आहेत.

सही करण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं चार प्रश्न अवश्य विचारावे. चुंबकीय किंवा ध्वनिलहरींच्या चित्रांत अडथळा निश्चित दिसला आहे काय? या क्रियेंत नेमकें काय करणार : छेद, खडा काढणें, कीं स्टेंट? सूज अथवा रक्तस्राव झाल्यास त्याची व्यवस्था याच रुग्णालयांत आहे काय? आणि पुढें काय? या शेवटल्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होतें. प्लॅस्टिकचा स्टेंट सामान्यतः सुमारें तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरें वाटूं लागल्यावर रोगी तें विसरतो, स्टेंट आंत तुंबतो, व पुन्हां ताप आणि कावीळ येते. म्हणून ती तारीख घरांतील दिनदर्शिकेवर त्याच दिवशीं लिहून ठेवावी. तसेंच पित्ताशयांत खडे शिल्लक असतील तर तें काढून टाकण्याचा सल्ला बहुधा मिळतो, नाहींतर नवा खडा त्याच वाटेनें खालीं येण्याचा संभव राहतो.

प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणें नव्हे. चांगल्या शिक्षकास शंका विचारणारा विद्यार्थी आवडतो, तसा चांगल्या डॉक्टरांसहि समजून सही करणारा रोगी आवडतो, असा आमचा अनुभव आहे. शास्त्रानें या क्रियेचें काम बदललें, नांव बदललें नाहीं. तेव्हां नांवामागचा अर्थ जाणून घेण्याचें काम आपणां सर्वांचें आहे. संमतिपत्रावरील सही हा केवळ रुग्णालयाचा उपचार नसून, ‘मला समजलें’ असें रोग्यानें दिलेलें वचन आहे. तें समजल्यावांचून कोणीहि देऊं नये, आणि समजल्यावर देण्यास उगाच उशीरहि लावूं नये.