वेग अडतो कुठे?

एके काळी आपल्या इमारतींमधून भांडणं व्हायची ती पाण्यावरून. तळमजल्यावरच्यांनी मोटर लावली की तिसऱ्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसायचा. ती भांडणं अजून मिटलेली नाहीत. पण त्यांच्या जोडीला आता वायफायची आली आहेत. मुलगा गेम खेळतो म्हणून आईची मीटिंग अडते, आजोबा कीर्तन पाहतात म्हणून नातीचा वर्ग अडतो, आणि शेवटी सगळे मिळून इंटरनेटवाल्याच्या नावानं बोटं मोडतात.

ठाण्याला माझ्या बहिणीच्या घरी हे प्रकरण बरंच पुढं गेलं होतं. भाची घरून काम करते. मीटिंगमध्ये तिचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. ‘नेट गेलं होतं’ ही सबब वरिष्ठांना खोटी वाटू लागली. मेहुण्यांनी ५० मेगाबिटची योजना १०० ची केली, मग २०० ची. बिल वाढलं, वेग नाही. ‘‘मामा, मी आता ऑफिसजवळ खोली घेऊनच राहते,’’ असं ती म्हणाली, तेव्हा बहिणीचा चेहरा पाहवेना.

इथं एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. रस्त्यावरून घरातल्या राउटरपर्यंत तो तारेतून येतो आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून. आपण दरमहा पैसे भरतो ते पहिल्या टप्प्याचे. गच्चीवरच्या टाकीपर्यंतचा पाइप कितीही मोठा घ्या. मोरीतला नळ गंजलेला असेल तर बादली सावकाशच भरणार! म्हणून आधी अडतं कुठे ते शोधावं.

त्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप तारेनं थेट राउटरला जोडून वेग मोजायचा. मग तार काढून राउटरशेजारीच बसून मोजायचा. शेवटी नेहमीच्या खोलीत. ठाण्याला तारेवर १९० मेगाबिट मिळाले. म्हणजे कंपनी निर्दोष. तार काढताच, राउटरपासून दोन हातांवर, आकडा २१ वर घसरला. भाचीच्या खोलीत तर जेमतेम सहा!

राउटरशेजारीच वेग पडतो म्हटल्यावर भिंतींना दोष देता येईना. लॅपटॉपच्या वायफाय माहितीत जोडणीचा वेग ५४ दिसत होता, आणि तिथंच धागा सापडला. वायफायच्या पासवर्डामागं संकेतलेखनाची एक पद्धत असते. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत निवडलेली असली, तर २००९ पासूनच्या नव्या वायफायचे वेग नियमानंच बंद होतात आणि जोडणी ५४ वर थांबते. त्यातला प्रत्यक्ष हाती येतो निम्म्याहून कमी. कुणा बसवणाऱ्यानं कधी काळी ही पद्धत ठेवून दिली होती. राउटरच्या सेटिंगमध्ये ती बदलून ‘डब्ल्यूपीए-२, एईएस’ केली. खर्च शून्य. सुरक्षितताही वाढली, कारण जुनी पद्धत कच्ची ठरलेली आहे.

आता प्रश्न हवेचा. बहुतेक वायफाय चालतं २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर. अमेरिकेनं १९८५ मध्ये असे काही पट्टे विनापरवाना संपर्कासाठी खुले केले; भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. खुली जागा म्हटली की गर्दी आलीच. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणं आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात. दूध गरम होईपर्यंत मीटिंग अडखळते ती यामुळं. लॅपटॉपला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्कही २.४ वर खरखर करते, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

त्यातून वायफायची रीत चाळीतल्या नळासारखी. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दूरच्या खोलीतला जुना, संथ फोन आपली घागर भरायला वेळ लावतो आणि मागची रांग खोळंबते. २.४ वर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल नेहमीच्या मांडणीत तीनच : १, ६ आणि ११. मधलाच एखादा घेतला तर दोन्हीकडच्यांना त्रास.

५ च्या पट्ट्यात जागा ऐसपैस आणि वेगही जास्त. पण त्या लहरी भिंतीत लवकर विरतात. म्हणून राउटर कुठे ठेवला याला महत्त्व. बहिणीकडं तो टीव्हीच्या मागं, कपाटाच्या पोटात होता. शोभेला बरं, पण काँक्रीटमधली सळई, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची काचपेटी हे सारे या लहरींचे वैरी. राउटर काढून पॅसेजमध्ये उंचावर, उघड्यावर बसवला आणि लॅपटॉप ५ वर जोडला. भाचीच्या खोलीत ९० मेगाबिट मिळू लागले. मेहुण्यांनी योजना पुन्हा १०० वर आणली.

दर वेळी इतकं सुरळीत होईलच असं नाही. लांबलचक घरात, जाड दगडी भिंतींच्या वाड्यात एका राउटरनं भागत नाही. तिथं तार ओढून दुसरा बसवावा लागतो. लॅपटॉपच जुना असला, ५ चा पट्टा त्याला कळतच नसला, तर राउटरनं तरी काय करावं? पण तेही मोजल्यावरच कळतं.

मला विचाराल तर या उद्योगातली खरी कमाई वेगाची नव्हे. महिनोन्‌महिने त्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याकडं संशयानं पाहत होता. मुलगी कामात टाळाटाळ करते, आई सारखी मालिका लावते, बाबा स्वस्तातलं नेट घेतात. दोष कुणाचाच नव्हता. तुमच्या घरीही असा वाद पेटला असेल, तर या रविवारी एक तार आणा, तीन ठिकाणी वेग मोजा, कागदावर आकडे लिहा. मग कुणावर रागवायचं ते ठरवा. बहुधा कुणीच उरणार नाही.