तांबडीने पिसं टाकली तेव्हा

आश्विनातल्या एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि छातीत धस्स झालं. आत पिसंच पिसं. मुंगूस शिरलं असावं म्हणून आधी कोंबड्या मोजल्या. सहाच्या सहा होत्या. तांबडी तेवढी अंग चोरून कोपऱ्यात उभी होती. मान उघडी पडलेली, शेपटीच्या जागी नुसतं बोंडूक. कुंपणापलीकडून काकी म्हणाल्या, "मानमोडी दिसतेय गो. बाकीच्यांना लागायच्या आत काप तिला."

दोन वर्षांपूर्वी अशीच एक काबरी मी रोगट समजून व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली होती. तिला काहीच झालेलं नव्हतं, हे नंतर गुरांच्या डॉक्टरांशी बोलताना कळलं. ती फक्त पिसं बदलत होती. ते अजून मनाला लागून आहे.

मुंबई-कोकणात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस असा आखडू लागला की कोंबडी अंडी थांबवते आणि वर्षभर विरलेली पिसं टाकून नवी काढायला घेते. साधारण दीड वर्षाची झाली की पहिली मोठी पिसगळ, पुढे बहुधा वर्षातून एकदा. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, पंख, शेपूट. सगळं उरकायला दोन-तीन महिने जातात. पंखाच्या टोकाकडे १० मोठी पिसं असतात आणि प्रत्येक पूर्ण वाढायला सुमारे ६ आठवडे घेतं. एकेक करून टाकणारी कोंबडी फार दिवस रेंगाळते. तीन-चार एकदम टाकणारी उघडीबोडकी दिसते, पण लवकर मोकळी होते. आणि अशी भराभर पिसं टाकणारी बहुतेक वेळा चांगली अंडी देणारीच असते. म्हणजे आपण नेमकी तीच विकून टाकतो!

मानमोडी ओळखायची ती हिरव्या पातळ विष्ठेवरून, वाकड्या झालेल्या मानेवरून, चोच उघडून घेतलेल्या श्वासावरून. तांबडीचं तसं काही नव्हतं. तुरा फिका पडला होता, पण खाणं चालू होतं. शेपटीखाली आणि पंखांखाली उवा आहेत का, तेही पाहून घेतलं. नुसती पाठच उघडी असेल तर दोष बहुधा कोंबड्याच्या नख्यांचा असतो.

मग लागते ती खाण्याची काळजी. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. एरवी अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. या दिवसांत १८ ते २० हवीत. तांदळाच्या कणीत जेमतेम सात-आठ! मी कणी कमी करून शेंगदाण्याची पेंड वाढवली, तीही वास घेऊन, कारण बुरशी लागलेली पेंड कोंबडीला विषच. पण पिसाला गंधक असलेली प्रथिनं लागतात आणि ती या पेंडीत कमी असतात. ती मासळीत आणि तिळाच्या पेंडीत मिळतात. म्हणून रोज मूठभर सुका जवळा, भिजवून, दोनदा धुऊन, मीठ काढून. तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. अंडी देणाऱ्या आपापल्या खातात, तांबडी तिकडे फिरकतही नव्हती.

पंधरवड्यात तिच्या अंगावर निळसर कोंब उठले. त्या कोंबांत रक्त असतं आणि हात लागला तरी दुखतं. एरवी मांडीवर येऊन बसणारी तांबडी मला टाळू लागली, मीही तिला उचललं नाही. एक कोंब मोडून रक्त आलं तेव्हा बाकीच्या टोचायला धावल्या. हळद दाबून दोन दिवस तिला वेगळं डालून ठेवलं. कोंबांवरचं मेणचट आवरण ती चोचीने सोलते, त्याचा पांढरा भुसा खुराड्यात पडतो. तो रोग नव्हे.

आमच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरण्याआधी फणसावर चढतात. पंखात पिसं नाहीत तर ती उडणार कशी? तिच्यासाठी खुराड्यात वीतभर उंचीवर बांबूची दांडी बांधली, थंडीला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट लावलं, वरची फट मोकळी ठेवली.

मोठ्या फार्मांवर अंडी पुन्हा वाढावीत म्हणून कोंबड्यांना दिवसचे दिवस उपाशी ठेवून पिसं गाळायला लावत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ साली ही उपासमार बंद करायला सांगितलं. जवळा टिपणाऱ्या उघड्या तांबडीकडे बघताना ते आठवतं आणि पोटात कालवतं.

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. अंडं अजून नाही. सकाळी उन्हात तिने पंख पसरला तेव्हा मोजलं: आठ पिसं पूर्ण, दोन अजून कोंबात. संध्याकाळी फणसाच्या पहिल्या फांदीपर्यंत पोचली, थोडा वेळ बसली आणि खाली उतरली. दांडी आणखी आठवडाभर तिथेच राहू देते.